‘ओरडली का नाहीस?’ हा प्रश्न आधी थांबवा

प्रश्न : माझी भाची २४ वर्षांची आहे. तीन महिन्यांपूर्वी ऑफिसमधल्या सहकाऱ्याने अंधेरीला त्याच्या खोलीवर तिच्यावर बलात्कार केला. तिने आत्ता सांगितलं. आई सारखी विचारते, ‘गेलीसच कशाला? ओरडली का नाहीस?’ पोरगी आता तोंडच उघडत नाही. तक्रारीला उशीर झाला का? — एक मावशी, लालबाग

उत्तर : ताई, उशीर झालेला नाही. बलात्काराच्या तक्रारीला कायद्यात मुदत नाही.

आईला आधी बाजूला घेऊन सांगा : भीतीने अंग थिजतं, आवाज फुटत नाही. हे कुणी ठरवून करत नाही. प्रतिकार केला नाही म्हणजे संमती होती असं धरता येत नाही, हे कायद्यातच लिहिलं आहे. देसाईगंजच्या मथुरा खटल्यात (मथुरा नावाच्या मुलीवर पोलीस ठाण्यात झालेल्या बलात्काराच्या खटल्यात) अंगावर जखमा नाहीत या कारणावर भर देत सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये दोन पोलिसांना सोडलं होतं. त्याविरुद्ध देशभर बायका रस्त्यावर उतरल्या आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. घरात विचारला जातोय तो प्रश्न तेव्हाचाच आहे. आई घाबरूनच विचारत असेल, पण मुलीच्या कानावर पडतं ते एवढंच, की चूक माझी.

तुम्ही म्हणा, ‘सांगितलंस ते बरं केलंस. आता तुला काय करावंसं वाटतं?’ मग गप्प बसा. तिला आठवेल तसं, तिच्याच शब्दांत लिहू द्या, वर तारीख घालायला सांगा. क्रम मागेपुढे झाला तर दुरुस्त करू नका. अशा प्रसंगाची आठवण तुकड्यातुकड्यांनीच येते. घरच्यांनी शिकवलेला जबाब उलटतपासणीत टिकत नाही. त्याचे मेसेज, कॉल, त्या रात्रीच्या टॅक्सीची पावती, काहीही पुसू नका. त्या दिवशीचे कपडे असतील तर धुतलेले असले तरी कागदी पिशवीत ठेवा. प्लास्टिकमध्ये ओल धरते, बुरशी येते आणि पुरावा जातो.

दवाखान्यात मात्र लगेच न्या. एचआयव्ही टाळण्याच्या गोळ्या ७२ तासांत सुरू कराव्या लागतात, ती वेळ गेली. पण एचआयव्हीची चाचणी आता भरवशाची येईल. गर्भचाचणीही करा. दिवस गेले असतील तर अशा प्रसंगी २४ आठवड्यांपर्यंत गर्भपात कायदेशीर आहे. उपचार सरकारी काय, खाजगी काय, फुकटच द्यावे लागतात. त्यासाठी आधी एफआयआर लागत नाही. रुग्णालय पोलिसांना कळवतं, ते त्यांच्यावर बंधनकारक आहे, हे तिला आधीच सांगून ठेवा. कुणी ‘दोन बोटांची तपासणी’ (योनीत बोटं घालून आधीचे शरीरसंबंध जोखणं) काढली तर स्पष्ट नाही म्हणा. त्या तपासणीवर बंदी आहे. बांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘दिलासा’ केंद्र आहे, तिथे समुपदेशक भेटतील.

तक्रार करायची की नाही, हे तिनेच ठरवायचं. करायची ठरली तर अंधेरी गाठायला नको, तुमच्या काळाचौकी पोलीस ठाण्यालाही ती घ्यावीच लागते. याला झिरो एफआयआर म्हणतात. जबाब महिला अधिकाऱ्यानेच नोंदवायचा, प्रत विनामूल्य मिळते. टाळाटाळ झाली तर पोलीस उपायुक्तांना लेखी कळवा. तक्रार न नोंदवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे. वकिलाचे पैसे नसले तरी अडू नका, विधी सेवा प्राधिकरण महिलांना मोफत वकील देतं. रात्रीबेरात्री मदत लागली तर १८१ (महिला हेल्पलाइन) किंवा ११२ (पोलीस).

आणि नातेवाइकांना आत्ताच बजावा : तिचं नाव समाजमाध्यमावर कुणीही टाकलं, तर दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.