घरात माणसं असताना पोराला पाळणाघरात कशाला?

देवगडजवळच्या एका वाडीतून पत्र आलंय. नवरा मुंबईत, दोन महिन्यांतून एकदा येतो, घरी सासू-सासरे आणि अडीच वर्षांचा मुलगा. हिला १५ जूनपासून तालुक्याला पतसंस्थेत नोकरी आहे, जवळच एका बाईंचं पाळणाघर आहे, पण सासूबाई म्हणतात, "घरात आमी माणसा असताना झिलाक परक्याकडे कित्याक?" त्यात पोरगा मध्यंतरी एका लग्नात दुसऱ्या मुलाला कडकडून चावला, कोणाबरोबर खेळत पण नाही, तर आधीच असा आहे आणि तिथे टाकला तर आणखी बिघडेल अशी भीती. शेवटी विचारलंय, मावशी मी स्वार्थी आहे का?

अगं, नोकरी करणं स्वार्थ असेल तर तुझा नवरा मुंबईत काय देवदर्शनाला गेलाय का? तो प्रश्न आधी डोक्यातून काढून टाक.

आता चावण्याचं. अडीच वर्षांच्या पोराला शब्द सुचायच्या आधी दात पोचतात, त्यात वाईट काही नाही, फक्त तेव्हाच्या तेव्हा "नाही, त्याला दुखतं" एवढं सांगायचं आणि विषय संपवायचा. आणि खेळत नाही म्हणतेस ते पण वयाला धरूनच आहे. मिल्ड्रेड पार्टन म्हणून एक अमेरिकन संशोधक होत्या, त्यांनी १९३२ मध्येच लिहून ठेवलंय की लहान पोरं आधी एकमेकांच्या शेजारी बसून आपापलं खेळतात आणि एकत्र मिळून खेळणं हळूहळू वयाबरोबर येतं. पण त्यासाठी शेजारी कोणीतरी बसलेलं पाहिजे ना! तुमच्या वाडीत घरं लांब लांब, पावसाचे चार महिने पोर पडवीत, सोबतीला आजी-आजोबा आणि मोबाईल.

आमच्याकडच्या अंगणवाडीत मी एकदा बघितलेलं सांगते. मातीत दोन पोरं आणि एकच करवंटी, मुलगी भात वाढतेय, मुलग्याला तीच करवंटी हवी. त्याने हिसकावली, तिने भोकाड पसरलं, सेविकाताई येऊन खाली बसल्या, करवंटी मुलीला परत दिली आणि त्याला म्हणाल्या, तुला हवी आहे हे तिला सांग, तिचं झालं की देईल. तो रडत उभाच, नाक वाहतंय, ताई नुसत्या बाजूला बसून. दोनेक मिनिटांनी त्या मुलीने स्वतःच करवंटी पुढे केली, घे म्हणाली. हेच घरी झालं असतं तर आजीने माडाखालून आणखी चार करवंट्या आणून दिल्या असत्या, खरं ना? आजीचं चुकत नाही, ती प्रेमानेच देते, पण घरातलं प्रत्येक मोठं माणूस पोरासाठी माघार घेतं, आणि थांबायचं कसं, मागायचं कसं, रुसलेल्याला परत खेळात कसं घ्यायचं हे त्याला त्याच्याएवढंच पोर शिकवतं.

आणि हे शहरी फॅड आहे असं सासूबाई म्हणत असतील तर त्यांना सांग, बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांनी १९४५ मध्ये आपल्याच किनाऱ्यावर, वर डहाणूजवळ बोर्डीला, खेड्यातल्या पोरांसाठी बालवाडीचं काम सुरू केलं. सरकारी अंगणवाडी १९७५ पासून आहे, तिथे तीन वर्षं पूर्ण झाली की तो जाईलच, प्रश्न मधल्या सहा महिन्यांचा आहे.

पण कुठलंही पाळणाघर चालेल असं मी म्हणत नाही हां. अमेरिकेत १९९१ पासून १३६४ मुलांवर वर्षानुवर्षं लक्ष ठेवून बघितलं, तर सांभाळणारं माणूस मुलांशी नीट, आपुलकीने बोलतं की नाही याने फरक पडतो, फार जास्त तास ठेवलेल्यांमध्ये थोडा हट्टीपणा जास्त दिसला, आणि घरचं वातावरण या सगळ्यापेक्षा भारी पडलं. त्यामुळे भिंतीवरचे मिकी माऊस बघू नकोस. न सांगता जा आणि बघ, बाई खाली बसते की खुर्चीतून ओरडते, टीव्ही चालू आहे का, एकटीकडे किती पोरं आहेत. पोरं अगदी चिडीचूप बसलेली दिसली तर चपला घाल आणि परत ये.

सोडताना पळून येऊ नकोस. मी माझ्या मुलीच्या वेळी हा शहाणपणा केला, ती खेळात रमली बघून मागच्या दाराने सटकले, नंतर महिनाभर पोरीने माझा पदर सोडला नाही, संडासात पण बरोबर. तो रडला तरी "जेवण झालं की न्यायला येऊ" असं सांगूनच निघायचं आणि खरंच तेव्हा न्यायचं. पहिले काही दिवस मात्र तासभरच ठेव, आजीच्या जुन्या लुगड्याची गोधडी बरोबर दे. सर्दी-खोकला सुरुवातीला होणारच, तेव्हा सासूबाई "बघ मी म्हटलं होतं" म्हणतील, ऐकून घे.

आणि दुपारी जेवण झाल्यावर त्याला आणायचं काम त्यांनाच दे. म्हणजे तास पण कमी होतील आणि आपल्याला बाजूला सारलं असं त्यांना वाटणार नाही, शिवाय दारात उभं राहून त्या बाईंची जी तपासणी करतील ती तुझ्या-माझ्याने होणार नाही.

फक्त १५ जूनची वाट बघत बसू नकोस, नवी नोकरी, नवी जागा आणि धो धो पाऊस सगळं एकाच सोमवारी नको. मे महिन्यात आंब्याच्या पेट्यांची गडबड असते माहितीये, तरी सकाळचा तासभर काढ.