कूर्चेची शस्त्रक्रिया किती काळ साथ देते?

प्रश्न : मी ३४ वर्षांचा असून शाळेत शारीरिक शिक्षणाचा शिक्षक आहे. दोन वर्षांपूर्वी रेशीमबागच्या मैदानावर व्हॉलीबॉल खेळताना माझा उजवा गुडघा पिरगळला. आता जिना उतरताना आतल्या बाजूने कळ येते आणि दिवसभर उभे राहिल्यास संध्याकाळी गुडघा सुजतो. एमआरआयमध्ये मांडीच्या हाडाच्या टोकावरील कूर्चा (हाडावरचे गुळगुळीत, लवचीक आवरण) २ सेंटीमीटर लांब व १.५ सेंटीमीटर रुंद भागात पार हाडापर्यंत गेल्याचे दिसले. एका डॉक्टरांनी मायक्रोफ्रॅक्चर सुचवले आहे, तर दुसऱ्यांनी माझ्याच पेशी प्रयोगशाळेत वाढवून त्यांचे रोपण करण्याचा सल्ला दिला आहे. त्याचा खर्च कितीतरी पट अधिक आहे. कशाने गुडघा पूर्ववत होईल? माझ्या ६३ वर्षांच्या आईचे दोन्ही गुडघे झिजले आहेत. तिलाही हा उपचार करता येईल का?
— एक वाचक, सक्करदरा, नागपूर

उत्तर : गुडघा पूर्ववत होईल, असे आश्वासन यांपैकी कोणतीही शस्त्रक्रिया देऊ शकत नाही. मात्र रुग्णाची निवड नीट झाली असेल, तर वेदना कमी होऊन रोजचे काम सुरळीत चालावे, ही अपेक्षा बहुतेकांच्या बाबतीत काही वर्षे तरी पूर्ण होते. कूर्चेत रक्तवाहिन्या नसतात, त्यामुळे तिची खोल जखम आपोआप भरून येत नाही. नष्ट झालेली कूर्चा परत येत नाही, हे लंडनचे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच नोंदवून ठेवले होते.

मायक्रोफ्रॅक्चरमध्ये दुर्बिणीतून खराब झालेला भाग खरवडून त्याच्या कडा सरळ उभ्या केल्या जातात आणि उघड्या हाडाला टोकदार हत्याराने तीन-चार मिलिमीटर अंतरावर बारीक छिद्रे पाडली जातात. सांध्यातील पाण्याचा दाब कमी केला की त्या छिद्रांतून रक्त आणि चरबीचे थेंब वर येताना दिसतात. छिद्रे पुरेशी खोल गेल्याची ती खूण असते. त्या रक्ताच्या गुठळीतून पुढे जे आवरण तयार होते ते तंतुमय असते आणि मूळ कूर्चेइतका भार वर्षानुवर्षे पेलण्याची ताकद त्यात नसते. म्हणूनच पहिल्या दोन वर्षांत मिळालेला आराम पुढे काही रुग्णांत ओसरू लागतो. पेशीरोपणाची पद्धत स्वीडनमधील संशोधकांनी १९९४ मध्ये २३ रुग्णांच्या अनुभवासह प्रसिद्ध केली. तिच्यात सहसा दोन शस्त्रक्रिया लागतात : पहिलीत कूर्चेचा छोटा तुकडा काढतात आणि काही आठवड्यांनी वाढवलेल्या पेशी खड्ड्यात बसवतात.

महाग उपचार म्हणजे अधिक टिकाऊ उपचार, असे समजण्याची घाई मात्र करू नये. नॉर्वेमध्ये ८० रुग्णांची दोन सारख्या गटांत विभागणी करून या दोन पद्धतींची तुलना करण्यात आली. पाच वर्षांनंतर दोन्ही गटांतील सुमारे तीन-चतुर्थांश रुग्णांची स्थिती समाधानकारक होती. पुढे २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौदा-पंधरा वर्षांच्या निष्कर्षांत पेशीरोपणाच्या गटातील १७ आणि मायक्रोफ्रॅक्चरच्या गटातील १३ जणांची शस्त्रक्रिया अपयशी ठरली होती, आणि हा फरक संख्याशास्त्राच्या दृष्टीने निर्णायक नव्हता. याउलट, पेशी पातळ पडद्यावर बसवण्याच्या सुधारित पद्धतीचा अभ्यास १४४ रुग्णांवर झाला. त्यात सर्वांचे व्रण, म्हणजे कूर्चा खराब झालेले भाग, ३ चौरस सेंटीमीटर किंवा त्याहून मोठे होते आणि दोन वर्षांनी वेदना व हालचाल या दोन्ही बाबतींत पेशीरोपण सरस ठरले. आपला व्रण सुमारे ३ चौरस सेंटीमीटरचा, म्हणजे नेमका या सीमारेषेवर आहे. त्यामुळे दोन्ही डॉक्टरांचे सल्ले शास्त्राला धरूनच आहेत.

माझ्या मते या निवडीपेक्षा आधीचा एक प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. आपला गुडघा पिरगळला होता, तेव्हा त्यातील लिगामेंट (हाडांना जोडणारे मजबूत बंध) आणि मेनिस्कस (दोन हाडांमधील गादी) शाबूत आहेत का, आणि पाय आतल्या बाजूला वाकल्यामुळे सगळा भार त्याच व्रणावर पडत आहे का, हे तपासले गेले आहे का? नसल्यास उभे राहून दोन्ही पायांचा कंबरेपासून घोट्यापर्यंतचा एक्स-रे काढून घ्यावा आणि गुडघा सैल आहे का, हे डॉक्टरांना हाताने तपासायला सांगावे. वाकडा पाय किंवा सैल गुडघा तसाच ठेवून केलेली दुरुस्ती, ती कोणत्याही पद्धतीची असो, लवकर निकामी होते. त्यासाठी हाडाचा कोन बदलण्याची किंवा लिगामेंटची शस्त्रक्रिया सोबत करावी लागू शकते. वजन जास्त असल्यास तेही आधी कमी केलेले बरे.

विदर्भातील शाळा जूनअखेरीस उघडतात, म्हणून उन्हाळी सुटीत हे उरकून घेऊ, असा विचार आपल्या मनात आला असेल, तर तो फसवा ठरेल. साधारण सहा आठवडे कुबड्या लागतात, त्या काळात पायावर पूर्ण भार देता येत नाही आणि गुडघा मात्र रोज ठरावीक व्यायामाने हलवत ठेवावा लागतो. मैदानावर उड्या मारण्याची परवानगी मायक्रोफ्रॅक्चरनंतर साधारण सहा ते नऊ महिन्यांनी आणि पेशीरोपणानंतर सुमारे वर्षभराने मिळते. हा काळ काटेकोरपणे पाळण्याची घरात आणि शाळेत सोय होत नसेल, तर शस्त्रक्रिया पुढे ढकलून मांडीच्या स्नायूंचे व्यायाम तीन-चार महिने नेटाने करून पाहणे मला अधिक योग्य वाटते. त्याने काहींचा त्रास इतका कमी होतो की शस्त्रक्रियेची निकड उरत नाही.

आपल्या आईंना मात्र हा उपचार लागू पडत नाही. कूर्चेची दुरुस्ती चांगल्या सांध्यातील एखाद्या मर्यादित व्रणासाठी असते. संपूर्ण सांधा झिजला असेल, तर नवे आवरण तग धरत नाही. केवळ दुर्बिणीतून गुडघा धुऊन घेण्याचा सल्ला कोणी दिल्यास तोही स्वीकारू नये, कारण २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १८० रुग्णांच्या अमेरिकी अभ्यासात अशी शस्त्रक्रिया नुसती वरवर चीर देण्यापेक्षा सरस ठरली नव्हती. वजनावर नियंत्रण, फिजिओथेरपी, जमिनीवर बसण्याऐवजी खुर्चीचा आणि कमोडचा वापर, तसेच अंबाझरीसारख्या सपाट वाटेवर झेपेल तेवढे चालणे यांनी सुरुवात करावी. एवढे करूनही रात्री झोपमोड होत असेल किंवा घरातल्या घरात वावरणे अवघड झाले असेल, तर सांधेरोपणाबद्दल त्यांच्या डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलावे.