वाचकांचे प्रश्न : जो रेकॉर्ड अजून तयारच झाला नाही, त्याच्यावर फॉर्म उघडायचा कसा?

प्रश्न : मी मायक्रोसॉफ्ट अ‍ॅक्सेस या डेटाबेस प्रोग्राममध्ये एका संस्थेच्या सभासदांची माहिती ठेवते. सभासद हे एक टेबल आणि आरोग्य हे दुसरं, एका सभासदाला आरोग्याचा एकच रेकॉर्ड. सभासदाच्या फॉर्मवर बटण आहे, ते दाबलं की त्याच सभासदाचा आरोग्याचा फॉर्म उघडतो. ज्यांची माहिती भरलेली आहे त्यांची बरोबर दिसते. ज्यांची नाही त्यांचा फॉर्म कोरा येतो, तेही ठीक, पण मी रक्तगट, अ‍ॅलर्जी सगळं भरते, बंद करते आणि परत बटण दाबलं की पुन्हा कोराच! टेबलमध्ये बघितलं तर ओळ आहे पण सभासद क्रमांकाचा रकाना रिकामा. बटणाच्या कोडमध्ये मी क्रमांक दिलाय, मग तो जातो कुठे?

उत्तर : क्रमांक कुठे जात नाही हो, तो फक्त शोधायच्या कामाला लागतो. ओपनफॉर्मला, म्हणजे बटणाच्या कोडमधल्या फॉर्म उघडायच्या आज्ञेला, तुम्ही जी व्हेअर कंडिशन देता ती म्हणजे फिल्टर, म्हणजे "या क्रमांकाच्या ओळी असतील तर दाखव" एवढंच. ओळ नसेल तर दाखवायला काही नाही म्हणून अ‍ॅक्सेस नवीन कोरी ओळ पुढे करतं, आणि त्या कोऱ्या ओळीत क्रमांक स्वतःहून भरत नाही. गोंधळ होतो तो सबफॉर्ममुळे, म्हणजे एका फॉर्मच्या आतच बसवलेल्या दुसऱ्या फॉर्ममुळे, कारण सबफॉर्ममध्ये दोन्ही फॉर्म जोडणारे रकाने, लिंक मास्टर फील्ड्स आणि लिंक चाइल्ड फील्ड्स, दिले की क्रमांक आपोआप भरला जातो आणि आपल्याला तीच सवय लागते. वेगळा फॉर्म उघडला की ही सोय संपली, तिथे क्रमांक आपणच पोचवायचा.

पोचवायचा ओपनआर्ग्जमधून. ओपनफॉर्मचा हा शेवटचा आर्ग्युमेंट, उघडणाऱ्या फॉर्मला एखादी किंमत सोबत पाठवायची जागा, त्यात सभासद क्रमांक द्या, व्हेअर कंडिशन आहे तशीच राहू द्या. आता आरोग्याच्या फॉर्मने तो उचलायचा कधी, हे नीट बघा कारण बहुतेक जण इथेच चुकतात. लोड (फॉर्म उघडताना) किंवा करंट (एखाद्या ओळीवर आल्यावर) इव्हेंटमध्ये, म्हणजे त्या वेळी आपोआप चालणाऱ्या कोडमध्ये, नवीन ओळ दिसली की लगेच क्रमांक टाकून मोकळे होतात. चालतं, पण क्रमांक टाकल्या टाकल्या रेकॉर्ड डर्टी होतो, म्हणजे त्यात सेव्ह न झालेला बदल आहे असं धरलं जातं, त्यामुळे कुणी नुसतं बघायला फॉर्म उघडला आणि बंद केला तरी त्या सभासदाच्या नावाने एक रिकामी ओळ सेव्ह होऊन बसते. मग "किती जणांची आरोग्य माहिती आली" असं मोजलं की आकडा चुकीचा येतो, आणि तो चुकलाय हे कळतही नाही.

म्हणून माझ्या मते बिफोर इन्सर्ट इव्हेंट वापरा. नवीन ओळीत पहिलं अक्षर टाइप झालं की तो चालतो, त्याआधी नाही. तुम्ही रक्तगटाच्या रकान्यात बी दाबलं की त्याच क्षणी सभासद क्रमांक भरला जाईल, आणि काहीच टाइप न करता बंद केलं तर ओळ तयारच होणार नाही. कोड एका ओळीचा आहे, ओपनआर्ग्ज रिकामा नसेल तर सभासद क्रमांकाच्या फील्डला ती किंमत द्यायची, बस. फॉर्म उघडताच क्रमांक डोळ्यांना दिसायला हवा असेल तर लोडमध्ये त्या कंट्रोलची डिफॉल्ट व्हॅल्यू सेट करा, त्याने रेकॉर्ड डर्टी होत नाही, पण डिफॉल्ट व्हॅल्यू ही एक्स्प्रेशन म्हणून वाचली जाते त्यामुळे किंमत अवतरणचिन्हांत घालायला विसरू नका, नाहीतर 12/3 असा क्रमांक असला तर अ‍ॅक्सेस भागाकार करून 4 लिहील.

अजून एक, आरोग्याचा फॉर्म आधीच उघडा असेल आणि तुम्ही दुसऱ्या सभासदावर जाऊन बटण दाबलंत तर लोड पुन्हा चालत नाही आणि मागच्याच सभासदाचा क्रमांक राहण्याची भीती असते. एकाची अ‍ॅलर्जी दुसऱ्याच्या नावावर जाणं यासारखं वाईट काही नाही. ओपनफॉर्ममध्ये विंडो मोड डायलॉग ठेवा, म्हणजे तो बंद केल्याशिवाय मागच्या फॉर्मवर जाताच येणार नाही.

प्रश्न : माझं पण असंच आहे, पण मी सभासदच नवीन टाकत असतो आणि नाव भरून लगेच आरोग्याचं बटण दाबतो, तर सेव्ह करताना एरर 3201 येते. आणि काहीच न भरता दाबलं तर 3075.

उत्तर : 3201 म्हणजे अ‍ॅक्सेस सांगतंय की मूळ टेबलमध्ये हा सभासद नाहीये. तुम्हाला नाव स्क्रीनवर दिसतंय पण ते अजून टेबलमध्ये उतरलेलं नाही. बटणाच्या कोडमध्ये पहिल्यांदा फॉर्म डर्टी आहे का बघा, असेल तर डर्टी फॉल्स करा, तेवढ्याने रेकॉर्ड सेव्ह होतो. 3075 वेगळं, तिथे क्रमांकच नल (रिकामा) आहे त्यामुळे कंडिशन "सभासद क्रमांक बरोबर" इथेच तुटते. सेव्ह केल्यानंतर क्रमांकाला इझनल (किंमत रिकामी आहे का हे सांगणारं फंक्शन) लावून तपासा आणि नल असेल तर "आधी सभासद भरा" असा मेसेज देऊन तिथेच थांबा.

आणि पहिल्या प्रश्नातल्या ताईंना वाटेल की रेफरेन्शियल इंटिग्रिटी (मूळ टेबलमध्ये नसलेला क्रमांक घेऊ न देणारा नियम) लावलेली असताना बिनक्रमांकाच्या ओळी आत आल्याच कशा, तर ती चुकीचा क्रमांक अडवते, रिकामा अडवत नाही. एकच क्रमांक दोनदा येऊ न देणारा नो डुप्लिकेट्सचा इंडेक्सही कितीही नल येऊ देतो. टेबलमध्ये त्या फील्डचं रिक्वायर्ड यस, म्हणजे भरणं सक्तीचं, करायलाच हवं. पण त्याआधी क्वेरीत इज नल लावून बिनमालकाच्या सगळ्या ओळी शोधून काढा आणि एकेका सभासदाला विचारून क्रमांक भरा, रक्तगट जुळतोय म्हणून अंदाजाने कुणाच्याही नावावर टाकू नका, ज्यांचा पत्ता लागत नाही त्या ओळी डिलीट करून माहिती नव्याने घ्या.