आखाजीला लेकीची सही घेऊ नका, आप्पा

यावल तालुक्यातल्या एका केळी उत्पादक शेतकऱ्याचं पत्र आलं आहे. वय ६८. घरात सगळे त्यांना आप्पा म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. हकीकत थोडक्यात अशी. आजोबांच्या जमिनीची १९८४ साली, वडील हयात असताना, भावाभावांत वाटणी झाली आणि आप्पांच्या वाट्याला सात एकर आली. १९९८ साली त्यांनी शेजारचा पाच एकरांचा गट स्वतःच्या नावावर खरेदी केला. विहीर त्याच गटात आहे. त्या भागात बागायतीचा भाव एकरी २० लाख धरा, असं ते लिहितात. जळगावात काकूंच्या, म्हणजे आप्पांच्या पत्नीच्या, नावावर एक प्लॉट आहे, आज साधारण ३५ लाखांचा. बँकेत २२ लाखांच्या ठेवी. थोरला मुलगा पुण्यात नोकरीला. त्याचं शिक्षण आणि फ्लॅटला लावलेला हातभार मिळून १५ लाख खर्च झाले. धाकटा पंधरा वर्षांपासून शेती सांभाळतो. मुलगी धुळ्याला दिली आहे.

आप्पांचे मोठे भाऊ काही न लिहिता वारले आणि पुतण्यांची कोर्टकचेरी सुरू झाली. ते पाहून आप्पांची झोप उडाली आहे. ते विचारतात, "सगळी बारा एकर आत्ताच बक्षीसपत्राने धाकट्याच्या नावावर करून टाकतो. थोरला म्हणतो मला शेती करायची नाही, पण हक्कही सोडत नाही. लेक आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) येईल तेव्हा तिची हक्कसोडपत्रावर सही घेतो. डोळ्यांदेखत मिटलेलं बरं. बरोबर ना?"

आप्पा, रामराम. तुमची काळजी खरी आहे, पण हा मार्ग धरू नका. बक्षीसपत्रही नको आणि आखाजीची सही तर नकोच.

आधी सात एकरांचं बघू. ती तुम्हाला वाटणीत आली, म्हणजे तुमच्या मुलांचा तिच्यात जन्मापासून हक्क आहे. ९ सप्टेंबर २००५ पासून लागू झालेल्या हिंदू वारसा कायद्यातल्या दुरुस्तीने मुलीलाही मुलाइतकाच हक्क दिला. सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० च्या निकालात हा हक्क जन्मसिद्ध असल्याचं स्पष्ट केलं; लग्न होऊन गेली म्हणून तो जात नाही. घरात वाटणी झाली तर तुम्ही, काकू, दोन मुलगे आणि मुलगी असे पाच वाटे पडतात. सात एकरांचे पाच वाटे म्हणजे प्रत्येकी एक एकर सोळा गुंठे. तुमच्या मर्जीवर फक्त तेवढीच जमीन आहे आणि तिचं मृत्युपत्र तुम्ही करू शकता. बाकीची दुसऱ्याची आहे. न वाटलेली सामाईक जमीन बाकीच्यांच्या संमतीशिवाय बक्षीस देता येत नाही. उद्या थोरल्याने किंवा लेकीने आव्हान दिलं, तर ते बक्षीसपत्र कोर्टात टिकणार नाही. ज्या भांडणाची तुम्हाला धास्ती आहे, त्याची पहिली तारीख तुम्हीच लावून दिल्यासारखं होईल.

आपल्याकडे 'वडिलोपार्जित' हा शब्द सरसकट वापरतात. कायद्यात फरक आहे. वडिलांनी स्वतः कमावलेली जमीन त्यांच्या पश्चात वारस म्हणून मिळाली असती, तर ती तुमची स्वतंत्र मालमत्ता धरली गेली असती आणि मुलांचा तिच्यात जन्मतः हक्क नसता. तुमची वाटणी मात्र आजोबांच्या जमिनीची आहे. तरी १९८४ चा फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याची तलाठ्याकडची नोंद, काढून वकिलांना दाखवा. सगळा हिशेब त्या एका नोंदीवर उभा आहे.

आता लेकीच्या सहीबद्दल. जळगावात बसून मी वाटण्या-मृत्युपत्रांचं हे काम वीसेक वर्षं करतो आहे, आणि एक दृश्य डोळ्यांसमोरून हलत नाही. आखाजीच्या तिसऱ्या दिवशी एक बाई दुय्यम निबंधकाच्या कार्यालयात बसलेली. अंगावर माहेरची नवी साडी, घडीच्या रेघा तशाच. मुलगी मांडीवर झोपलेली. भाऊ शेजारी उभा राहून "इथे कर, इथे कर" म्हणत पानं उलटतोय. तिने वाचलं नाही, विचारलं नाही, सही केली. पुढच्या आखाजीला ती माहेरी आली नाही. तिच्या आईने मला हे सांगितलं तेव्हा त्या माउलीच्या डोळ्यांचं पाणी खळत नव्हतं. आपल्या खान्देशात लेक वर्षभर ज्या सणाची वाट बघते, झोका, सांजोऱ्या, आमरस, आईजवळ चार दिवस, त्या सणात हा कागद घालू नका. हक्क सोडायचा की ठेवायचा हे तिनं तिच्या घरी, शांतपणे, नवऱ्याशी आणि हवं तर स्वतःच्या वकिलाशी बोलून ठरवावं. सोडला तर तिचा मोठेपणा. त्या बदल्यात भावाने मोल द्यावं, ते बँकेतून द्यावं आणि कागदात लिहावं. दबावाखाली घेतलेली सही पुढे कोर्टात ओढली जाते, हेही ध्यानात ठेवा.

बक्षीसपत्राला माझा दुसरा विरोध तुमच्यासाठी आहे. पोटच्या मुलाला शेतजमीन किंवा राहतं घर बक्षीस दिलं तर महाराष्ट्रात मुद्रांक शुल्क अवघं २०० रुपये आहे. अधिभार असेल तो वेगळा. स्वस्त आहे म्हणूनच लोक घाईने करतात. पण जमीन त्या दिवशीच तुमच्या हातून जाते. उद्या धाकट्याने त्यावर मोठं कर्ज काढलं, त्याचं काही बरंवाईट झालं, किंवा सुनेशी पटेनासं झालं, तर ६८ व्या वर्षी तुम्ही आणि काकू कोणाच्या तोंडाकडे बघणार? २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ प्रमाणे, सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडल्यास परत घेता येते. पण त्यासाठी स्वतःच्या मुलाविरुद्ध अर्ज घेऊन फैजपूरच्या प्रांत कार्यालयात जावं लागेल. तुमचा धाकटा चांगला आहे, पत्रातून ते कळतं. चांगल्या मुलावरही अशी वेळ आणू नये.

मग करायचं काय? मी तुमच्या जागी असतो तर दोन कागद केले असते. सात एकरांचं सर्वांच्या संमतीने नोंदणीकृत वाटणीपत्र आणि बाकीच्याचं मृत्युपत्र.

शेतजमिनीची वाटणी सगळे राजी असतील तर महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियमाच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडेही होते, पण तुमच्या बाबतीत मी नोंदणीकृत वाटणीपत्रच सुचवेन. कारण पाच एकरांचा गट. तो तुम्ही घेतलात सात एकरांतल्या केळीच्या पैशातून, असं तुमच्याच पत्रात आहे. उद्या कोणीही म्हणू शकतो की सामाईक जमिनीच्या उत्पन्नातून घेतलेली जमीनही सामाईकच. अशा दाव्यांत वर्षं जातात. म्हणून वाटणीपत्रातच एक कलम टाका: १९९८ ची खरेदी ही आप्पांची स्वकष्टार्जित मालमत्ता असून ती आम्हा सर्वांना मान्य आहे. पाचही जणांच्या सह्या. हे कलम झालं की तुमच्या मृत्युपत्राला पाया मिळतो.

त्या पाच एकरांची वाटणी मी अशी सुचवतो. विहिरीसकट तीन एकर धाकट्याला, एक-एक एकर थोरल्याला आणि लेकीला. काकूंनी त्यांच्या मृत्युपत्राने प्लॉट लेकीला द्यावा. ठेवी तुमच्या दोघांच्या पश्चात उरतील तेवढ्या थोरल्याला. तुमच्याच भावाने धाकट्याला ६० लाख, लेकीला २० आणि ३५ मिळून ५५, थोरल्याला २० आणि २२, त्यात आधीचे १५ मिळवले की ५७. ठेवींतला पैसा आधी तुमच्या दवाखान्याचा आणि पोटाचा आहे, तो कमी होऊ शकतो. थोरल्याला हे आजच सांगून ठेवा. वाटणीतला तुमचा आणि काकूंचा एक एकर सोळा गुंठ्यांचा वाटा आधी एकमेकांच्या नावे लिहा. त्यानंतर तो कोणाला, हे तुम्ही दोघांनी ठरवा. पंधरा वर्षं उन्हातान्हात राबलेल्या धाकट्याला तो द्यावा असं माझं मन सांगतं, पण दिला तर का दिला ते मृत्युपत्रातच लिहा. कारण कळलं की माणूस कमी वाटाही पचवतो. कारण न कळलेला जास्त वाटासुद्धा भावाभावांत संशय पेरतो.

तुम्ही म्हणाल, पाचही एकर धाकट्याला देतो आणि त्याने दोघांना वीस-वीस लाख रोख द्यावेत. मी तसं करणार नाही. केळीवाल्याच्या डोक्यावर ४० लाखांचं ओझं म्हणजे काय, हे तुम्हाला मी सांगायला नको. जूनच्या एका वादळात घडांनी लगडलेली बाग आडवी होते. एखाद्या वर्षी करपा, एखाद्या वर्षी भाव पडलेला. हप्ते चुकले की तोच बांध पुन्हा भांडणाचा. त्यापेक्षा त्या दोन एकरांवर पहिला खरेदीचा हक्क धाकट्याचा, सात वर्षांच्या मुदतीत, त्या वेळच्या बाजारभावाने, तोवर जमीन त्याच्याकडेच ठराविक खंडाने, असं लिहा. एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, त्यामुळे तुकडेबंदीची, म्हणजे शेतीचे फार लहान तुकडे पाडायला असलेल्या बंदीचीही, अडचण येऊ नये. नकाशा करताना तलाठ्याला विचारून घ्या.

आणि पाणी. याच्यावर मी जरा जास्त लिहिणार आहे, कारण आमच्या स्वतःच्या घरात हेच राहून गेलं. चोपड्याकडे आमची जमीन. आजोबा गेले, वडील आणि काकांनी गुंठ्यागुंठ्याने वाटणी केली, बांधावरच्या निंबाचंसुद्धा ठरलं. विहीर काकांच्या वाट्यात गेली आणि पाण्याचं कोणीच लिहिलं नाही, कारण पाणी काय, दोघांचंच. तीन वर्षांत स्टार्टरच्या पेटीला दोन कुलुपं लागली, एक वडिलांचं, एक काकांचं. दोघं हजर असल्याशिवाय मोटर सुरू होईना. ऐन मे महिन्यात, वीज रात्रीची, मी अकरा वर्षांचा, कंदील घेऊन वडिलांबरोबर विहिरीवर उभा होतो आणि काका आले नाहीत. त्या वर्षी आमची बाग जळाली. काका आणि वडील शेवटपर्यंत बोलले नाहीत. म्हणून सांगतो, विहीर कोणाच्या गटात, पाण्याची पाळी कोणाची कोणत्या वारी, मोटर आणि पाइपलाइनचा खर्च कोणी किती करायचा, वीज मीटर कोणाच्या नावे, थोरल्याच्या आणि लेकीच्या एकराला बैलगाडीची वाट कुठून, हे सगळं लिहा. तुम्हाला ते तोंडपाठ आहे. तुमच्यानंतर कोणालाच नसेल.

मृत्युपत्राचा कागद अवघड नाही. साध्या कागदावर होतं, मुद्रांक लागत नाही. गट नंबर, क्षेत्र, चतुःसीमा, ठेवींचे खाते नंबर स्पष्ट लिहा. तुमची सही, आणि तुमच्यासमोर सही करणारे दोन साक्षीदार, ज्यांना त्यातून काही मिळणार नाही आणि जे तुमच्यापेक्षा वयाने लहान असतील. नोंदणी सक्तीची नाही, तरी यावलला दुय्यम निबंधकाकडे कराच, आणि त्याच दिवशी तुम्ही शुद्धीवर, समजून-उमजून लिहिताय असा डॉक्टरांचा दाखला जोडा. अंमलबजावणीला एक व्यवस्थापक नेमा, शक्यतो तिन्ही मुलांनी मानलेला. मन बदललं तर नवीन करता येतं, शेवटचं ते खरं. "जो मला सांभाळेल त्याला" असलं वाक्य मात्र घालू नका. कोणी सांभाळलं हे ठरवायला कोर्टच लागतं. वारसाहक्काने मिळालेल्या मालमत्तेवर आपल्याकडे आयकर लागत नाही आणि मृत्यूनंतर लागणारं मालमत्ता शुल्क (इस्टेट ड्यूटी) १९८५ सालीच गेलं, त्यामुळे कराची भीती घालून कोणी बक्षीसपत्र करायला लावत असेल तर ऐकू नका.

ठेवींवर तुम्ही धाकट्याचं नाव वारसदार म्हणून लावलंय. बँकेच्या दृष्टीने नामनिर्देशित माणूस (नॉमिनी) पैसे उचलतो, मालक होतोच असं नाही. तो बाकीच्या वारसांसाठी ते सांभाळतो. मृत्युपत्रात थोरला आणि बँकेत धाकटा असं राहिलं तर दोघांची मनं कलुषित व्हायला वेळ लागणार नाही. ठेवी काकूंसोबत संयुक्त करा, मग नामनिर्देशन थोरल्याचं लावा. नोव्हेंबर २०२५ पासून एका ठेवीला चार जणांपर्यंत नावं टक्केवारीने लावता येतात, तेही विचारा.

काकूंचं सोनं त्यांचं आहे. कोणता दागिना कोणाला, हे त्यांनी त्यांच्या कागदात लिहावं. पाटल्या आणि पोत नावानिशी. विकास सोसायटीचं पीककर्ज, सातबाऱ्यावरचा बोजा, व्यापाऱ्याकडची येणी, कोणाला दिलेले हातउसने, याची एक वही काढा आणि ती कुठे ठेवली ते तिन्ही मुलांना माहीत असू द्या.

सुरुवात अशी करा. या आठवड्यात १९८४ चा फेरफार आणि १९९८ चं खरेदीखत काढा. मग थोरल्याला रविवारी बोलावून घ्या. आणि धुळ्याला फोन तुम्ही स्वतः लावा, आखाजीच्या बऱ्याच आधी. "ताई, जमिनीचं बोलायचंय, तुझाही वाटा आहे त्यात, जावईबापूंना घेऊन ये," एवढंच म्हणा. हे तिला तुमच्या तोंडून कळू द्या, भावाच्या नको.