घर तारण की पीएफ? गेम आर्टच्या पदवीसाठी १७ लाख

कोल्हापूरहून एका वडिलांनी विचारलं आहे: वय ५०, शिरोलीच्या फाउंड्रीत सुपरवायझर. घरचं वार्षिक उत्पन्न ७ लाख ४० हजार, पीएफ १६ लाख, एफडी ६ लाख, घर स्वतःचं. मुलगी बारावी झाली, चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या दोन्ही परीक्षांत ए ग्रेड. तिला पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठात गेम आर्ट अँड डिझाइनची, म्हणजे व्हिडिओ गेममधली पात्रं आणि दृश्यं घडवण्याची, चार वर्षांची पदवी घ्यायची आहे. फी वर्षाला सव्वाचार लाख, राहणं-जेवण वेगळं. धाकटा नववीत. घर तारण ठेवून १७ लाखांचं कर्ज काढू, की पीएफमधले १० लाख काढून कर्ज कमी करू?

नमस्कार. दोन्ही करू नका. मुलीला गेम आर्ट जरूर शिकू द्या, पण या किमतीला नाही.

आधी पीएफ. सध्याचा ८.२५ टक्के दर टिकला तर आज काढलेले १० लाख तुमच्या ५८व्या वर्षी १८ लाख ८५ हजार झाले असते. खासगी नोकरीतल्या माणसाला म्हातारपणी हाच आधार. शिवाय धाकट्याचं कॉलेज तीन-चार वर्षांवर आलं आहे.

आता कर्ज. साडेसात लाखांच्या वर गेलात की बँक साधारणपणे तारण मागते, म्हणजे घर अडकतं. दर वर्षी सव्वाचार लाख उचलले, व्याज साडेदहा टक्के धरलं, तर चार वर्षं शिक्षण आणि पुढचं एक वर्ष हप्ता न भरण्याच्या सवलतीचं, एवढ्यात साधं व्याजच सव्वासहा लाख होतं. मग सव्वातेवीस लाखांवर दहा वर्षांचा हप्ता: महिना सुमारे ३१,४००. नव्या आर्टिस्टच्या हातात पहिली दोन वर्षं महिना २५ ते ३० हजार येतील असं धरून चला. हप्ता पगारापेक्षा मोठा! तो मग तुम्हीच भरणार, निवृत्तीच्या उंबरठ्यावर.

काम नाही असं मी म्हणत नाही. पुण्यात युबिसॉफ्ट आणि सुमो या परदेशी गेम कंपन्यांचे स्टुडिओ आहेत, आणि २०२० मध्ये गाजलेला 'राजी' हा गेम पुण्यातल्याच एका छोट्या चमूने केला. पण आपल्याकडचं बरंचसं आर्टचं काम परदेशी कंपन्यांसाठी होतं, आणि तिकडे २०२४ च्या जानेवारीत मायक्रोसॉफ्टने गेमिंगमधली १,९०० माणसं कमी केली, फेब्रुवारीत सोनीने सुमारे ९००. इकडे २०२५ च्या कायद्याने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन गेमवर बंदी आली आणि तिथल्या कलाकारांची कामंही गेली. अशा चढउताराच्या धंद्यात उतरताना डोक्यावर कर्ज हलकं हवं.

आणि या क्षेत्रात आर्टिस्ट निवडताना पदवीपेक्षा पोर्टफोलिओ, म्हणजे स्वतः केलेल्या निवडक कामांचा संच, पाहिला जातो. शरीररचना, प्रकाश, रंग, घाट कळतो का, हे त्यात लगेच दिसतं. झीब्रश या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये पात्र घडवणं म्हणजे पडद्यावर माती हाताळणंच. तुमच्या कोल्हापुरात शाडूच्या मूर्ती घडवणारे हात गल्लीगल्लीत आहेत. सुट्टीत मुलीला महिनाभर तिथे बसवा, हे मी मनापासून सांगतो.

म्हणून माझा सल्ला शासकीय कला महाविद्यालयातल्या बीएफएचा, म्हणजे चित्र-शिल्पकलेच्या पदवीचा. त्यासाठीची राज्याची प्रवेश परीक्षा (सीईटी) द्यायला लावा. नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय चित्रकला महाविद्यालयं आहेत, तिथली फी खासगी विद्यापीठाच्या जवळपासही जात नाही. तुमचा प्रवर्ग तुम्ही लिहिलेला नाही. २०२४-२५ पासून राज्यात ८ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकातल्या मुलींना राज्याच्या केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेतून (कॅप) व्यावसायिक अभ्यासक्रमाला गेल्यावर शिक्षण व परीक्षा शुल्क माफ आहे. खासगी विद्यापीठांना ते लागू नाही. तुम्ही त्यात बसत असाल तर उत्पन्नाचा दाखला आणि जातीचे कागद आत्ताच काढून ठेवा.

राहणं-जेवण वर्षाला दीड लाख, ते पगारातून आणि थोडं एफडीतून. दीड लाखाचा चांगल्या ग्राफिक्स कार्डाचा कॉम्प्युटर घ्या, इथे मात्र काटकसर नको. ब्लेंडर हे थ्रीडीचं सॉफ्टवेअर फुकट आहे, गेम बनवायचं अनरियल इंजिन शिकायलाही पैसे पडत नाहीत. दुसऱ्या वर्षापासून तिने दर सहामाहीला एक पूर्ण काम तयार करावं: एखादा वाडा, एखादं पात्र, पोत-प्रकाशासकट.

कर्जाची वेळ नंतर येईल. एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या बंगळुरू केंद्रात डिजिटल गेम डिझाइनचा एम.डेस., म्हणजे पदव्युत्तर अभ्यासक्रम आहे. तिथे प्रवेश मिळाला तर तेव्हा साडेसात लाखांच्या आत कर्ज काढा, तिच्याच नावावर, तुम्ही सहकर्जदार. केंद्र सरकारच्या पीएम-विद्यालक्ष्मी या शैक्षणिक कर्ज योजनेच्या यादीतल्या संस्थांसाठी तारण लागत नाही आणि तुमच्या उत्पन्नगटाला व्याजात ३ टक्के सवलत मिळू शकते. शिक्षण चालू असतानाच व्याज भरत राहिलात तर पुढचा हप्ता दहा हजारांच्या आसपास राहील. शैक्षणिक कर्जाच्या व्याजावरची करवजावट फक्त जुन्या करप्रणालीत मिळते, तिच्यावर हिशेब बेतू नका.

तरीही खासगी विद्यापीठाला एकदा भेट द्यायचीच असेल, तर मुलीला घेऊन जा आणि गेल्या दोन तुकड्यांतल्या पाच मुलांचे पोर्टफोलिओ मागा. ती आज कोणत्या स्टुडिओत आहेत, तेही विचारा. जागा अडवायचे पैसे परत मिळतात की नाही, हे लेखी हातात येईपर्यंत एक रुपयाही भरू नका.