रेंजवर अचानक जमलेल्या गोल्फ स्विंगवर विश्वास ठेवावा का?

सरावाच्या रेंजवर ग्रिप, म्हणजे क्लबचा दांडा धरायची पद्धत, बदलल्यावर वर्षानुवर्षांचा स्लाइस (उजव्या हाताने खेळणाऱ्याचा चेंडू हवेत उजवीकडे वळणं) एका संध्याकाळी थांबला, तर रविवारच्या मेडल राउंडला, म्हणजे फटके मोजायच्या स्पर्धेला, नवा स्विंग न्यायचा की जुना, असं तुम्ही विचारलंय. नवाच न्या. पण स्लाइस नेमका कशामुळे थांबला हे तुम्हाला सांगता आलं पाहिजे. ‘आज हात मोकळे वाटले’ हे कारण नव्हे. तसं वाटणं दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंतही टिकत नाही.

हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे. पुण्यात आमच्या फोरबॉलमध्ये, म्हणजे एकत्र खेळणाऱ्या चौघांत, एक ज्येष्ठ सभासद होते. माझा चेंडू उजवीकडे वळला की त्यांचं ठरलेलं वाक्य, ‘मान वर केलीस.’ आणि ग्रिपचा विषय निघाला की जुना अमेरिकन विजेता बेन होगन. डावा अंगठा दांड्याच्या अगदी वर, मुठीचं एखादंच हाड दिसेल एवढंच, कारण होगन तसं धरायचा. कॅडीसुद्धा त्यांच्याच सुरात सूर मिळवायचे.

आता होगनने ते का केलं ते बघा. त्याला हुकने छळलं होतं, चेंडू डावीकडे झपकन वळायचा. म्हणून त्याने डावा हात दांड्यावर डावीकडे सरकवला आणि बॅकस्विंगच्या टोकाला मनगट मागे वाकवलं. 1955 साली ‘लाइफ’ मासिकात त्याने हे स्वतःच उघड केलं. म्हणजे हे हुकवरचं औषध. ज्याचा चेंडू आधीच उजवीकडे पळतो त्याला ते पाजलं, तर दुखणं वाढणारच. हे मी त्यांना अनेकदा सांगितलं. ते म्हणायचे, ‘होगनपेक्षा तुला जास्त कळतं का?’

एका पावसाळ्यात मी डावा हात उजवीकडे फिरवला, वरून बघताना मुठीची अडीच-तीन हाडं दिसतील इतका. पहिले चेंडू सरळ रेषेत डावीकडे गेले. रेंजवरचे सगळे म्हणाले, बिघडवलंस. मला मात्र तिथेच कळलं की जमलं, कारण चेंडू डावीकडे गेला, पण हवेत वळला नाही. चेंडू निघतो मुख्यतः क्लबफेस, म्हणजे चेंडूला लागणारा क्लबचा सपाट भाग, बघत असेल त्या दिशेने. आयर्नला (लोखंडी डोक्याच्या क्लबला) साधारण तीन-चतुर्थांश वाटा फेसचा, ड्रायव्हरला (लांब फटक्याच्या मोठ्या क्लबला) त्याहून जास्त. आणि वळतो तो फेस आणि स्विंगचा पाथ, म्हणजे क्लब ज्या दिशेने फिरतो ती वाट, यांच्यातल्या फरकामुळे. रडारवाली मोजणी यंत्रं येण्याआधी बरेच जण याच्या नेमकं उलट शिकवायचे. माझा पाथ डावीकडेच होता, कारण स्लाइसच्या भीतीने मी डावीकडे नेम धरून उभा राहायचो. आता फेस पाथला जुळला होता. राहिला होता तो फक्त नेम.

त्यानंतरच्या मेडलमध्ये दोन चेंडू डावीकडच्या झाडांत गेले. ज्येष्ठ म्हणाले, ‘आता तरी जुन्यावर ये.’ आलो नाही. पाय आणि खांदे निशाणाला समांतर आणत गेलो, तसा पाथ आपोआप सरळ झाला. दिवाळीनंतर माझ्या सेव्हन आयर्नचा चेंडू हलका ड्रॉ घेऊ लागला, म्हणजे किंचित डावीकडे वळू लागला, आणि त्यांच्या समोर फ्लॅगवर जाऊ लागला. त्यांनी त्यावर काहीही म्हटलं नाही.

इंग्लंडचा गोल्फर निक फाल्डो याने 1985 मध्ये प्रशिक्षक डेव्हिड लेडबेटरबरोबर अख्खा स्विंग पाडून नवा बांधायला घेतला. मधल्या काळात लोक त्याच्याबद्दल काय काय बोलले. 1987 मध्ये स्कॉटलंडमधल्या म्युरफिल्डला तो ओपन ही मोठी स्पर्धा जिंकला, शेवटच्या फेरीत अठराच्या अठरा होलना बरोबर ‘पार’ स्कोअर, म्हणजे त्या होलला ठरलेले तेवढेच फटके, घेऊन. कुणाच्या टोमण्यांनी तो मागे फिरला असता तर?

तेव्हा रविवारी स्कोअर बघू नका. प्रत्येक चेंडू कुठून निघाला आणि कुठे वळला, एवढंच कार्डच्या कडेला लिहा. रेंजवरच्या मॅटवर विसंबू नका. चेंडूच्या मागे जमिनीला लागलेला क्लबही मॅटवरून घसरत चेंडूपर्यंत पोचतो आणि फटका बरा वाटतो. गवतावर डिव्हट (क्लबने उखडलेल्या गवताचा खड्डा) चेंडूच्या पुढे पडतोय का, तो कुठे तोंड करून आहे, ते बघा. आणि ‘मान वर झाली’ म्हणणाऱ्याला विचारा, मान वर झाल्याने फेस कसा उघडतो? समजावून सांगता आलं तर त्याचं ऐका.

ड्रायव्हरचं थोडं वेगळं आहे. तिथे चेंडू फेसच्या टाचेकडे, म्हणजे दांड्याजवळच्या भागाला, लागला तर ग्रिप कितीही बरोबर असली तरी तो उजवीकडे वळतो. म्हणून फेसवर थोडी पावडर फवारून ठसा कुठे उमटतो ते तपासा, मगच ग्रिपला दोष द्या. आणि तुमचा चेंडू मुळात हुक होत असेल, तर वरचं ग्रिपचं सगळं उलटं करून वाचा. तुमच्यासाठी होगन बरोबर आहे.