पुन्हा ब्रश हातात घेतलायस तर

वीस वर्षांनी छोट्या मॉडेलांच्या छंदात परतलायस, तर पहिल्याच रणगाड्यावर सगळी कला उधळू नकोस. अ‍ॅक्रिलिक दुधाइतकं पातळ कर, दोन-तीन हलके हात दे. वॉशआधी, म्हणजे खाचांत उतरणारा पातळ गडद रंग देण्याआधी, ग्लॉस वार्निश हवंच. वॉश इनॅमलचा, म्हणजे तेलाधारित रंगाचा, घे. जादा झालेला व्हाइट स्पिरिटने (टर्पेंटाइनसारखं थिनर) पुसलास तरी खालचा वाळलेला रंग सुटत नाही. ब्रश मात्र जेमतेम ओला.

चिखलासाठी मी महाबळेश्वरची तांबडी माती थेट रणगाड्याच्या चाकांवरच्या पट्ट्यांवर थापली होती. फसलो! १/३५ प्रमाणात एक मिलिमीटरचा खडा म्हणजे साडेतीन सेंटिमीटरचा दगड. माती मलमलीतून दोनदा गाळ, नाहीतर सरळ पिगमेंट, म्हणजे रंगाची बारीक पूड, वापर.

आणि साताऱ्याच्या जुलैत मॅट (बिनचमकीच्या) वार्निशचा स्प्रे मारू नकोस, दमट हवेत पांढुरका पडतो. माझं एक विमान तसंच फडताळात पडलंय.